स्टिअरिंग डँपर बसवायचाय? आधी गाडीखाली शिरून बघा

मोठे टायर टाकले, थोडी लिफ्ट केली म्हणजे गाडीची उंची वाढवली, आता दगडधोंड्यातून जाताना स्टिअरिंग हाताला हिसके देतंय, किंवा मोकळ्या रस्त्याला ७०-८० च्या स्पीडला एखादा खड्डा लागला की पुढची चाकं थाडथाड नाचायला लागतात, मग कोणीतरी सांगतं की डँपर टाकून घे आणि माणूस सरळ जाऊन सगळ्यात जाडजूड दिसणारा डँपर घेऊन येतो. बऱ्याच जणांचं असंच होतं. डँपर कामाची वस्तू आहे यात वादच नाही, मला स्वतःला त्याच्याशिवाय खडकात गाडी घालायला आवडत नाही, पण तो काय करतो, काय करत नाही आणि मापात कसा बसवायचा हे समजून घेतलं नाही तर एकतर तो गाडीचं खरं दुखणं झाकून ठेवतो, नाहीतर स्वतःच नवीन दुखणं होऊन बसतो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी वस्तू बघू. दिसायला शॉकॲबसॉर्बरच, फक्त आडवा बसवलेला. एक टोक ॲक्सलला किंवा चासीला, दुसरं टोक टाय रॉडला म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याला, काही गाड्यांत ड्रॅग लिंकला म्हणजे स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याला. आत नळी, नळीत तेल, तेलात पिस्टन आणि पिस्टनला बारीक भोकं. चाक वळलं की पिस्टन सरकतो आणि तेलाला त्या भोकांतून पलीकडे जावं लागतं. हळू सरकवलं तर तेल आरामात जातं, म्हणून गाडी पार्क करताना डँपर आहे हे जाणवतही नाही. पण झटका बसला तर एवढं तेल एवढ्याशा भोकातून एकदम जाणार कसं, मग तो अडतो. बादलीभर पाण्यात हात हळूच फिरवा आणि मग तोच हात जोरात ओढून बघा, फरक लगेच कळेल. दार धाडकन आपटू नये म्हणून वर डोअर क्लोजर असतो ना, त्याच्या पोटातही हाच कारभार आहे.

मग साधा शॉकच आडवा लावला तर? नका लावू. शॉकला वर उघडताना जास्त आणि दाबताना कमी अडवायचं काम असतं, स्टिअरिंगला डावीकडे आणि उजवीकडे सारखंच अडवणारं काहीतरी लागतं, नाहीतर एका बाजूला स्टिअरिंग हलकं आणि दुसऱ्या बाजूला जड. शिवाय बरेच शॉक उभे बसतील अशा हिशोबाने बनवलेले असतात, तेल खाली आणि हवा वर, तो आडवा केला की हवा पिस्टनपर्यंत पोचते आणि मधेच पोकळ जागा येते जिथे काहीच अडत नाही.

आता तो नक्की कुठे कामाला येतो. चाकाचा एक कोपरा दगडावर आपटला की ते चाक झटक्यात वळायला बघतं आणि तो झटका टाय रॉडमधून, स्टिअरिंग बॉक्समधून थेट तुमच्या मनगटात येतो. ऑफरोडला स्टिअरिंग धरताना अंगठे आतल्या दांड्यांत अडकवू नका, बाहेर रिंगवरच ठेवा असं सांगतात ते यासाठीच, स्टिअरिंग उलटं फिरलं तर अंगठा मोडू शकतो. मोठे टायर म्हणजे जास्त वजन, आणि चाक बाहेरच्या बाजूला येईल अशी रिम बसवलेली असेल तर टायरचा मध्य आणि ज्या रेषेभोवती चाक वळतं ती रेषा यांच्यातलं अंतर वाढतं, म्हणजे दगडाला आपल्याविरुद्ध लांब पहार मिळाली असं समजा. हा झटका डँपर पितो. हे त्याचं खरं काम. सुझुकीने २०१८ मध्ये नवीन जिम्नी आणली तेव्हा त्यात कंपनीकडूनच स्टिअरिंग डँपर दिला तो याच कारणासाठी, जीप रँग्लरलाही तो कंपनीकडूनच येतो.

पण वॉबल ही वेगळी गोष्ट आहे आणि इथेच सगळा घोळ होतो. पुढे सॉलिड ॲक्सल म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर असलेल्या गाडीत एखाद्या ठरावीक स्पीडला खड्डा लागला की पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी, डावी-उजवी अशी इतक्या जोरात हलायला लागतात की डॅशबोर्ड निखळून पडेल असं वाटतं, आणि गाडी जवळजवळ थांबवेपर्यंत ते बंद होत नाही. ज्याने एकदा अनुभवलंय तो विसरत नाही. झोक्याचं उदाहरण घ्या. झोका पुढे जायच्या नेमक्या क्षणी हलकासा धक्का देत राहिलं तर थोड्याच वेळात झोका आभाळाला टेकतो, धक्का छोटाच असतो पण वेळ बरोबर साधलेली असते. चाकांचंही तसंच, एका स्पीडला टायरची फिरण्याची लय आणि स्टिअरिंगच्या भागांची हलण्याची लय जुळते आणि कुठेतरी ढिला असलेला जॉइंट त्या हलण्याला जागा करून देतो. जागाच नसेल तर झोका सुरूच होत नाही. डँपर म्हणजे झोक्याची दोरी धरून ठेवणारा माणूस. तो धरून ठेवेल, पण धक्का देणारा तिथेच उभा आहे, आणि माणूस दमला म्हणजे डँपरचं तेल तापलं किंवा सील गेलं की झोका परत चालू, आणि तोपर्यंत तो ढिला जॉइंट आणखी ढिला झालेला असतो. म्हणून मी हे परत परत सांगतो की जी गाडी डँपर काढल्यावर सपाट रस्त्याला सरळ चालत नाही, तिला डँपर लावू नका, आधी दुरुस्त करा.

वॉबल सुरू झालंच तर घाबरून ब्रेकवर उभं राहू नका आणि स्टिअरिंगशी कुस्तीही नको, घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, हळूहळू स्पीड उतरवा आणि बाजूला थांबा.

ढिलं काय आहे ते शोधायची एक सोपी पद्धत आहे, दोन माणसं लागतात आणि गाडी चारही चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर नाही. हँडब्रेक, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. एकाने स्टिअरिंग मधल्या जागेपासून थोडं डावीकडे थोडं उजवीकडे असं पटापट हलवत राहायचं, पूर्ण वळवायचं नाही, आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन खाली बघायचं. डोळ्याने एकेक जॉइंट बघा, एक बाजू हलतेय आणि दुसरी जरा उशिराने हलतेय असं दिसलं तर तिथे प्ले म्हणजे ढिलेपणा आहे. सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो ट्रॅक बार, काही जण पॅनहार्ड रॉड म्हणतात, ॲक्सलला चासीखाली डावी-उजवीकडे सरकू न देणारा तिरपा दांडा. त्याचं बुश म्हणजे टोकाच्या भोकातलं रबरी अस्तर गेलेलं असतं किंवा बोल्टचं भोक घासून अंडाकृती झालेलं असतं, आणि नवीन बुश टाकून उपयोग नसतो कारण बोल्टच भोकात डुलतोय. मग टाय रॉड एंड, ड्रॅग लिंकचे एंड, बॉल जॉइंट किंवा किंगपिन म्हणजे ज्यावर चाक वळतं ते सांधे, स्टिअरिंग बॉक्सचे चासीवरचे बोल्ट. हात मधे घालू नका, स्टिअरिंग फिरवणाऱ्याला तुमची बोटं दिसत नाहीत. यानंतर चाक जॅक करून वर-खाली धरून हलवा, बेअरिंग आणि बॉल जॉइंटचा प्ले कळतो. टायरचं बॅलन्सिंग करून घ्या, ऑफरोडहून आल्यावर रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल चिकटलेला असतो, तेवढ्यानेही बॅलन्स जातो, आधी तो खरवडून काढा.

आणि कॅस्टर. सायकलचा चिमटा बघा, तो सरळ उभा नसतो, खालचं टोक पुढे आलेलं असतं, म्हणून चालत्या सायकलचं हँडल आपोआप सरळ व्हायला बघतं. गाडीच्या पुढच्या चाकांनाही असा तिरपेपणा दिलेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. लिफ्ट केली की ॲक्सल थोडा फिरतो आणि हा तिरपेपणा कमी होतो, मग स्टिअरिंग वळणानंतर स्वतःहून सरळ येत नाही आणि गाडी रस्त्यावर वाहवत जाते. हे डँपरने सुधारत नाही, उलट डँपर स्टिअरिंगला परत येताना थोडं अडवतोच, त्यामुळे जास्तच वाईट वाटतं. लिफ्टनंतर अलाइनमेंट करून घेतलं नसेल तर आज डँपर विसरा.

कधीकधी डँपरच खराब असतो हेही खरं आहे. रँग्लरच्या २०१८ आणि २०१९ च्या गाड्यांत वॉबलच्या तक्रारी आल्या तेव्हा कंपनीने २०१९ मध्ये डँपर बदलून दिले, थंडीत जुन्या डँपरच्या तेलात हवेचे बुडबुडे होतात असं त्यांना आढळलं होतं. बुडबुडा दाबला जातो, तेल दाबलं जात नाही, म्हणजे सुरुवातीचा थोडा प्रवास डँपर नुसताच सरकतो आणि वॉबलला तेवढीच जागा पुरते. जुना डँपर तपासायचा तर एक टोक सोडवून हाताने आत-बाहेर करा. पूर्ण लांबीभर सारखाच जोर लागला पाहिजे. मधेच हात रिकामा गेला, किंवा दांड्याभोवती तेलाची ओली धूळ जमलेली दिसली, तर तो संपला. नुसता तेलाचा हलका ओलसरपणा चालतो, थेंब नको.

आता नवीन निवडताना. दोन मुख्य जाती आहेत, ट्विन ट्यूब म्हणजे नळीत नळी आणि मोनो ट्यूब म्हणजे एकच नळी. मोनो ट्यूबमध्ये तेलाच्या मागे गॅस प्रेशरने भरलेला असतो, त्याने तेलाला फेस येत नाही आणि तापलं तरी काम चालू राहतं. पण तो गॅस पिस्टनच्या दांड्याला सतत बाहेर ढकलत असतो, हे बरेच विक्रेते सांगत नाहीत. हिशोब करून बघू, दांडा १५ मिलिमीटर जाडीचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ साधारण १.७७ चौरस सेंटिमीटर, आत गॅस १० बार, म्हणजे साधारण १८ किलोचा जोर कायम टाय रॉडला एका बाजूला ढकलतोय. मग गाडी एका बाजूला ओढते आणि माणूस अलाइनमेंट करत बसतो. ओळखायची खूण सोपी आहे, डँपर दाबून हातातून सोडला की आपोआप पूर्ण उघडतो. असा डँपर ज्या गाडीसाठी बनवलाय तिथे त्याचा विचार केलेला असू शकतो, पण अंदाजाने उचलून लावणार असाल तर प्रेशर नसलेला ट्विन ट्यूब घ्या, साध्या वापराला तो भरपूर आहे. जिथे ठेवला तिथेच थांबणारा. दोन्ही बाजूंनी दांडा बाहेर आलेले डँपरही मिळतात, त्यात हा ढकलायचा प्रश्नच नसतो, पण त्यांना जागा जास्त लागते.

स्प्रिंगवालेही येतात, स्टिअरिंग आपोआप सरळ करणारे. मला ते पटत नाहीत. सरळ करायचं काम कॅस्टरचं आहे.

दोन डँपर लावायचे का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो. फार मोठे आणि जड टायर असतील तर ठीक, नाहीतर स्टिअरिंग विनाकारण चिकट होतं, रस्ता हाताला कळेनासा होतो आणि पॉवर स्टिअरिंगवर लोड येतो. आणि एका डँपरने न थांबणारं वॉबल दोघांनी थांबवलं तर दुखणं दोन चादरींखाली गेलं एवढंच.

आता माप, आणि इथे घाई करू नका. गाडी सरळ उभी, चाकं सरळ. टाय रॉडवर जिथे क्लँप बसणार तिथे खडूने खूण करा. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, ती खूण किती सरकली ते मोजा, मग पूर्ण उजवीकडे. दोन्ही वेगवेगळे मोजा, सारखे असतीलच असं नाही. समजा दोन्हीकडे १०० मिलिमीटर आले, एकूण २००. तुमचा डँपर पूर्ण बंद ३४० आणि पूर्ण उघडा ५७०, म्हणजे प्रवास २३०. चाकं सरळ असताना तो बरोब्बर मधे म्हणजे ४५५ वर असला पाहिजे, मग एका टोकाला ५५५, दुसऱ्याला ३५५, दोन्हीकडे १५ मिलिमीटर शिल्लक. १० ते १५ शिल्लक राहिलेच पाहिजेत. वळण जिथे संपतं तिथे नकलवरचा (चाकासोबत वळणाऱ्या भागावरचा) स्टॉप बोल्ट टेकला पाहिजे, डँपर नाही.

मी एका मित्राच्या गाडीला डँपर लावत होतो, किट त्याच मॉडेलचं होतं पण गाडीचा टाय रॉड नंतर बदललेला होता. सगळं बसलं, छान दिसत होतं. मी वर स्टिअरिंग फिरवत होतो आणि तो खाली टॉर्च धरून पडला होता, तर उजवीकडे शेवटाला तो ओरडला, थांब थांब, डँपर बंद झाला आणि स्टॉप अजून टेकला नाही. आठ एक मिलिमीटर बाकी होते. पॉवर स्टिअरिंगचा जोर एवढा असतो की वर मला काहीही जाणवलं नव्हतं. तसंच चालवलं असतं तर प्रत्येक पूर्ण वळणाला ब्रॅकेटवर तो सगळा जोर आला असता, वेल्ड तडकलं असतं किंवा डँपरचा दांडा वाकला असता, आणि वाकलेला दांडा अडकला तर स्टिअरिंग त्याच जागी अडकतं. डावीकडे मात्र ४० मिलिमीटर रिकामे होते. क्लँप टाय रॉडवर २४ मिलिमीटर सरकवला आणि दोन्हीकडे सोळा सोळा शिल्लक आले. काम पाच मिनिटांचं. न बघता निघालो असतो तर काय झालं असतं हा विचार मला नंतर बरेच दिवस येत होता.

कोनाचंही बघा. डँपर शक्यतो टाय रॉडला समांतर पाहिजे. तिरपा बसला की त्याचा सरकण्याचा वेगही कमी होतो आणि त्याच्या जोराचा उपयोगी भागही, म्हणजे दुहेरी तोटा, ३० अंश तिरपा असेल तर साधारण पाऊण परिणाम उरतो आणि ४५ अंशाला अर्धाच. आणि शक्य असेल तर दोन्ही टोकं ॲक्सलसोबत हलणाऱ्या भागांवर घ्या, एक ॲक्सलवर, एक टाय रॉडवर. एक टोक चासीवर असेल तर सस्पेन्शन वर-खाली होतानाही डँपरची लांबी बदलते, मग लॉक टू लॉकचं म्हणजे पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडेपर्यंतचं माप सस्पेन्शन पूर्ण दाबून आणि पूर्ण लोंबकळत ठेवून दोन्ही वेळा घ्यावं लागतं.

प्रत्यक्ष बसवायला जास्त काही नाही. नवीन डँपर आधी आडवा धरून चार-पाच वेळा पूर्ण आत-बाहेर करा, दुकानात उभा राहून हवा वर चढलेली असते ती निघते. जुन्याचे नट गंजलेले असणार, आदल्या रात्री तेल मारून ठेवा. टोक निमुळत्या पिनचं असेल तर पुलर वापरा, हातोडा मारून पिनचे आटे घालवू नका. यू बोल्टचा क्लँप असेल तर टाय रॉडवरचा चिखल, गंज, रंगाचे पोपडे साफ करा, नाहीतर क्लँप पहिल्याच दगडाला सरकेल. यू बोल्टचे दोन्ही नट थोडे थोडे आलटून पालटून आवळा, दोन्हीकडे सारखे आटे बाहेर दिसले पाहिजेत. रबर बुशचे बोल्ट चाकं सरळ असतानाच शेवटचे आवळायचे, वळलेल्या चाकांवर आवळले तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढेच आवळून जुळवा, मागे ढिला करून नाही.

एक गोष्ट किटच्या कागदावर क्वचितच असते. टाय रॉड दोन बॉल जॉइंटवर टांगलेला असतो, त्यामुळे तो स्वतःभोवती थोडा फिरू शकतो, आणि क्लँपसकट डँपरही खाली-वर झुकतो. म्हणून टाय रॉड हाताने दोन्हीकडे फिरवून बघा, डँपर डिफरन्शिअलच्या कव्हरला, ट्रॅक बारला किंवा स्वे बारला (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेल्या दांड्याला) लागतोय का. लागत असेल तर आत्ता ब्रॅकेट बदला. डँपर सगळ्यात खाली लोंबकळत असेल तर दगड पहिला त्यालाच भेटणार, टाय रॉडच्या वर घेता आला तर बघा, आणि दांड्यावर रबरी बूट असेल तर काढू नका, दांड्याला दगडाचा एक ओरखडा पडला की तो ऑइल सील कापत राहतो.

क्वॉड बाइक आणि मोटरसायकलवर हँडलच्या मध्याशी बसणारे फिरते डँपर येतात, त्यात प्रवास कमी पडायची भीती कमी आणि नॉब फिरवून कमी-जास्त करता येतं. सगळ्यात हलक्या सेटिंगपासून सुरू करा, हळूहळू वाढवा.

सगळं झाल्यावर दांड्यावर, सीलला लागून, एक पातळ केबल टाय हलकाच ओढून बांधा. पहिल्या ऑफरोड फेरीनंतर खाली वाकून बघा, दांडा आत जाताना सील तो टाय बाहेर सरकवत नेतं, म्हणजे दांडा जास्तीत जास्त किती आत गेला याची खूण तिथे राहते. टायच्या पुढे दांड्याचा तुमचा शिल्लक भाग दिसला पाहिजे. टाय दांड्याच्या टोकाला जाऊन चेपला असेल तर माप चुकलंय, परत खडू घ्या. आणि शंभरेक किलोमीटर झाले की सगळे नट एकदा टॉर्क रेंचने तपासा, पहिल्यांदा यू बोल्टचे, कारण ढिले होतात ते तेच.